नानांचा रोहू आणि माझी शिस्त

होडीतून मासे धरण्याची रीतभात कळणारा बडोद्यात एकच माणूस आहे, आणि तो म्हणजे मी. तसे माझे बारा नियमच आहेत. (मीच लिहिलेत. प्लास्टिकमध्ये मढवून होडीला लटकवतो.)

त्या रविवारी माझ्याबरोबर नाना होते, म्हणजे माझे सासरे. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून पाच वर्षं गळ टाकत होते, पण तळहाताहून मोठा मासा लागला नव्हता. सोमवारी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि त्यानंतर होडीचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"एक रोहू, जावईबापू. एकच!" वाघोडियाचा तलाव येईपर्यंत त्यांचा हाच जप चालला होता.

तलावाच्या मध्यावर मी नांगर टाकायला घेतला. नांगर म्हणजे आपला दोराला बांधलेला धोंडा. धोंड्याला मी चांगल्या चार गाठी मारल्या.

"अहो, पण ते दुसरं..." नाना म्हणाले.

"श्श! नियम पहिला. होडीत बोलायचं नाही. मासे पळतात!"

"पण दोराचं..."

"नाना!"

नानांनी गळाला आमिष लावायला घेतलं. धोंडा डुबुक करून तळाला गेला.

पंधरा मिनिटांनी मान वर केली, तर मघाशी पार पलीकडे असलेली एक होडी निम्म्या अंतरावर आलेली! माझं डोकंच सणकलं. (नियम चौथा : दुसऱ्याच्या गळापासून पन्नास हात लांब राहावे.) एवढा मोठा तलाव, आणि यांना आमच्याच उरावर बसायचंय! मी हातवारे करून 'लांब व्हा' म्हटलं. त्या होडीतल्या तरुणाने उलट हात हलवला आणि हसला. वर हसतोय! शिस्त म्हणून नाही लोकांना!

आणखी पाच मिनिटांत त्यांचा थर्मास दिसायला लागला. मग डब्यातले गाठिये. मग गाठियांबरोबरच्या तळलेल्या मिरच्या! रागाने माझे कान तापले होते, आणि नेमक्या त्याच वेळी नानांची काठी कमानीसारखी वाकली.

"लागला! जावईबापू, रोहू लागला!"

रोहू उसळला, वळला आणि सरळ त्या तरुणाच्या गळाच्या दोरीत जाऊन अडकला. झालं! मी ताडकन उभा राहिलो (नियम सातवा : होडीत उभे राहू नये) आणि तलावभर ऐकू जाईल असा ओरडलो (नियम पहिला, वर आलाच आहे).

"शरम नथी आवती? बीजानी होडी पर चढी जवानुं?" (म्हणजे, दुसऱ्याच्या होडीवर चढायला लाज नाही वाटत?)

"काका, अमे तो लंगर नाखीने बेठा छीए," तो शांतपणे म्हणाला. "तमे आवो छो!"

म्हणे ते नांगर टाकून बसलेत, आणि आम्हीच येतोय! मी संतापून आमच्या नांगराचा दोर दाखवायला वाकलो. दोर नव्हता. धोंड्याबरोबर तोही केव्हाच तळाला गेला होता. दोराचे दुसरे टोक होडीला बांधावे, असा नियम माझ्या बारांत नव्हता.

"तेच सांगत होतो मघापासून!" दोन्ही हातांनी काठी धरून नाना गरजले. पाच वर्षांत त्यांना एवढं चिडलेलं मी पाहिलं नव्हतं. "बोलू दिलंत का मला? गेला आता माझा मासा!"

तेवढ्यात त्या तरुणाने चाकू काढला आणि स्वतःचीच दोरी कापून टाकली. गळ, शिसं, सगळं सोडून दिलं.

"दादानी माछली न जवी जोईए," म्हणाला (आजोबांचा मासा जायला नको, एवढंच), आणि वाकून जाळीने रोहू वर घेतला. चांगला हातभर लांब होता.

मग नाना त्याच्या होडीत जाऊन बसले. मला बोलावलं ते फोटो काढायला. मीही चढलो आणि काढला.

तो फोटो आता नानांच्या दिवाणखान्यात आहे. नाना, रोहू, तो तरुण. आणि मागे, पार लांब, एक रिकामी होडी वाऱ्यावर निघालेली. (माझे बारा नियम तिच्यातच होते.)

पाहुणे विचारतात, "मागे ती होडी कुणाची हो?"

नाना गुडघ्यावरून हात फिरवत माझ्याकडे बघतात. "असेल कुणाची तरी. शिस्त म्हणून नाही लोकांना!"

मीही मान डोलावतो. अगदी संतापाने!