गावांच्या मधली जागा

“स्वतःचा देश नाही, पण भाषा बघ कशी तोंडात खेळते त्या मुलीच्या,” बाबा स्वयंपाकघरात आईला सांगत होते. माझ्या कानांवर हेडफोन होते, म्हणून त्यांना वाटलं मला ऐकू येत नाही. हेडफोनमध्ये काहीच चालू नव्हतं.

“मग तिलाच आणा घरी,” आई म्हणाली. “आपली देऊन टाका त्यांना. बोलत नाही, खाते कमी. चालेल त्यांना.”

बाबा हसले. मी स्क्रीनकडे बघत राहिले.

ती मुलगी म्हणजे आमच्याच मजल्यावरच्या अंकलची मुलगी. अंकल असिरियन आहेत. उत्तर इराकमधले, अरबांच्याही आधीपासून तिथे राहत आलेले ख्रिस्ती लोक. तरुणपणी त्यांनी आपल्या लोकांच्या हक्कांसाठी पत्रकं वाटली. भावाला पोलिसांनी नेलं तेव्हा ते डोंगर ओलांडून पळाले, आणि पुढे जिथे आसरा मिळाला तिथल्या रेडिओवर आपल्या भाषेत बोलत राहिले. मुलीला इथे सिंगापूरला नोकरी लागली म्हणून या वयात आमच्या आंग मो किओ भागात आले. दर शनिवारी दुपारी, आवाज घुमू नये म्हणून कपाटातल्या कोटांमध्ये माइक ठेवून, ते कार्यक्रम रेकॉर्ड करतात. रविवारी तो इंटरनेटवरून त्यांच्या जगभर पांगलेल्या लोकांपर्यंत जातो.

बाबा मरीन इंजिनिअर. लिफ्टमध्ये पहिल्या भेटीत त्यांनी बसऱ्याच्या बंदरात शिकलेलं तोडकंमोडकं अरबी हौसेनं बोलून दाखवलं. अंकल शांतपणे इंग्लिशमध्ये म्हणाले, “मी अरब नाही. पण तुमचे उच्चार आमच्या पोलिसांपेक्षा बरे आहेत.” तेव्हापासून दोस्ती. अंकल त्यांना कॅप्टन म्हणतात. बाबांनी दोनदा सुधारलं, मग सोडून दिलं. माइकची घरघर बाबा दुरुस्त करतात. ऑफिसात मी ट्रेनिंगच्या व्हिडिओंचा आवाज साफ करते, म्हणून एडिटिंग आपोआप माझ्याकडे आलं.

कार्यक्रम सुरू होतो तो गावांच्या नावांनी. जिथे आता त्यांचं कुणी उरलेलं नाही, अशी गावं. एक नाव घ्यायचं आणि तीन श्वास थांबायचं. त्या वेळात त्या गावची माणसं, जिथे असतील तिथे, आपल्या घरात मोठ्यानं म्हणतात, “आम्ही आहोत.” ते रेडिओला ऐकू जात नाही. तरी थांबायचं. हे मला त्या मुलीनंच सांगितलं होतं, पहिल्याच आठवड्यात.

त्या शनिवारी अंकलचा घसा बसला होता, म्हणून यादी पहिल्यांदा तिनं वाचली. बाबा दाराशी स्टुलावर बसून डोळे मिटून ऐकत होते. त्यातला एकही शब्द त्यांना कळत नव्हता. रविवारी सकाळी मी बुद्धवंदना म्हणते, रोमन लिपीत लिहिलेल्या कागदावरून, तेव्हा त्यांचे डोळे उघडे असतात. मी कुठे अडखळते ते बघायला.

संध्याकाळी घरी एडिटिंगला बसले आणि स्वयंपाकघरातलं ते वाक्य ऐकलं.

भाषा येत नसली तरी शांतता स्क्रीनवर सरळ रेघेसारखी दिसते. कार्यक्रम लांबतोय, असं मी स्वतःला सांगितलं. मग एकेक रेघ निवडून पुसत गेले. सगळी गावं एकमेकांना चिकटली. ऐकताना ती मुलगी घाईत वाटत होती, पाठ केलेलं उरकणाऱ्या शाळकरी मुलीसारखी. मला बरं वाटलं. फाइल पाठवून मी जेवायला गेले.

पुढच्या शनिवारी अंकलकडे गेलो तेव्हा ते फोन हातात धरून बसले होते. स्वीडनमधून एका म्हातारीनं निरोप पाठवला होता. आपलं गाव आलं, पण तोंड उघडायच्या आत गेलंसुद्धा, असं ती म्हणत होती, हे अंकलनी आम्हाला इंग्लिशमध्ये सांगितलं. अंकल मुलीशी त्यांच्या भाषेत बोलू लागले. आवाज चढला नव्हता, पण ती लहान होत गेली. ती काहीतरी ठामपणे म्हणाली. अंकलनी रविवारचं रेकॉर्डिंग लावलं. तिनं थोडं ऐकलं. मग माझ्या लॅपटॉपकडे बघितलं, मग माझ्याकडे.

तिला कळलं होतं. तरी ती बोलली नाही. यातही ती माझ्यापेक्षा मोठी निघाली, याचाच मला आधी राग आला.

“डॅड, पुढच्या वेळी तुम्हीच वाचा,” ती इंग्लिशमध्ये म्हणाली. आमच्यासाठी असावं.

“पुढच्या वेळी नाही. यापुढे मीच,” अंकल म्हणाले. घशावर हात होता. “मी आहे तोवर. नंतर बंद.”

बाबा माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाले, “घाई झाली असेल गं पोरीची. एवढ्यासाठी यादी काढून घ्यायची म्हणजे... तू तरी सांग ना त्यांना काहीतरी. तुझं इंग्लिश चांगलं आहे.”

ती कोटांमधून माइक बाहेर काढत होती, वायर गुंडाळत होती. अंकलशी मी नेहमी इंग्लिशच बोलते, बाबांनाही बहुतेक इंग्लिशमध्येच उत्तर देते. त्या दिवशी मी बाबांकडे वळले आणि मराठीत म्हणाले,

“बाबा, त्यांना तुम्ही सांगा. ती प्रत्येक गावाला थांबली होती. मधल्या जागा मी कापल्या. मुद्दाम.”