बांगडे खुर्चीवर, काकी जमिनीवर

मालवणच्या मासळी बाजारात पंचाहत्तरीच्या एक काकी स्वतः जमिनीवर बसतात आणि बांगड्यांची टोपली खुर्चीवर ठेवतात. गिऱ्हाईक आलं की त्या हात न टेकता उठतात, ते गेलं की पुन्हा बसतात. त्यांचं नाव मला आजही ठाऊक नाही.

परवा त्यांच्याकडे बांगडे घेताना खाली पडलेली चावी उचलायला मी उकिडवा बसलो आणि मला उठताच येईना. म्हणून खुर्चीला धरलं, तर ती कलंडली आणि दोन बांगडे माझ्या मांडीवर आले.

काकी पोटभर हसल्या. म्हणाल्या, "मागच्या पावसात तापान दोन म्हयने खाटेर होतंय. पाय सुकले. न्हाणयेत जावक सुनेचो हात लागायचो. मगे रोज उठत-बसत पाय परत मिळवलंय."

"मग ही खुर्ची कशाला?" मी विचारलं.

"झिलान, माझ्या पोरान दिल्यान. पण बांगडे मेले, तेंका खंय उठूचा आसा? माका उद्या उठूचा आसा!"

मग त्यांनी मला फर्मावलं, "हात टेकू नको, तसोच उठ. मगेच बांगडे मिळतले."

तिसऱ्या खेपेला मी थरथरत उभा राहिलो. शेजारच्या मासेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि सहासष्टाव्या वर्षी मला पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या पोराइतका अभिमान वाटला.