गॉर्नरग्राट: बाबांच्या वहीतली उजवीकडची खिडकी

"झरमॅटहून गॉर्नरग्राटला चढताना उजवीकडे बसणे." बाबांच्या वहीत ही ओळ लाल पेनने अधोरेखित आहे. रिटायर झाल्यावर चार वर्षं मुलुंडच्या घरी बसून ते ही आल्प्सची सहल आखत होते. गाडी कुठे बदलायची, पाणी विकत का घ्यायचं नाही, सगळं लिहून ठेवलेलं. दर जानेवारीत विचारायचे, "काय मग, यंदा मे?" मी अंधेरीच्या ऑफिसातलं काहीतरी कारण पुढे करून पुढच्या वर्षावर ढकलायचे. मागच्या श्रावणात बाबा गेले.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. काका म्हणाला, "दादा, वहिनींना आम्ही बघू." आत्या म्हणाली, "गावचं घर शाकारून घेऊ." कावळे समोरच्या भिंतीवरून बघत राहिले. काय बोलायला हवं ते मला माहीत होतं. पण सगळ्या नातेवाइकांसमोर 'आईला आल्प्सला नेते' म्हणायची लाज वाटली. खरं तर चार वर्षं मी टाळाटाळ केली, ते उघडं पडेल याची. आई शेजारी गप्प उभी होती. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आम्ही घरी आलो.

जानेवारीत मीच आईला म्हटलं, "मेमध्ये जाऊया." "आता कशाला?" असं म्हणत तिने पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला.

तुम्ही जाणार असाल तर व्हिसाची अपॉइंटमेंट लवकर घ्या, मेच्या सुट्टीसाठी अख्खी मुंबई रांगेत असते. आम्ही रेल्वेचा तीन दिवसांचा पास घेतला. त्यावर गॉर्नरग्राटचं तिकीट निम्म्यात पडलं. मोठ्या काचांच्या पॅनोरमा गाडीला आरक्षणाचे पैसे वेगळे लागतात. त्याच रुळांवरून साध्या गाड्याही धावतात आणि डोंगर तेच दिसतात. हे ज्ञान माझं नाही, वहीतलं आहे. वही हरवेल या भीतीने ती घरी ठेवली होती, मोबाइलमध्ये पानांचे फोटो होते.

झुरिकहून सकाळी निघालो, विस्पला गाडी बदलली. तळी, चर्च, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई. "गवत बघ गो," आई म्हणाली, "देवगडला पावसात असतं तसंच. त्यासाठी एवढा खर्च?" मग पर्समधून बाबांचा चष्मा काढून तिने पदराने पुसला आणि परत ठेवला. मी बाहेर बघत राहिले.

झरमॅटमध्ये पेट्रोलच्या गाड्यांना बंदी आहे. कारने आलात तर ती खालच्या गावात ठेवून पुढे रेल्वेनेच यावं लागतं. जेवण भयंकर महाग, त्यामुळे सुपरमार्केटमधला पाव-दही आणि शेजारच्या गुजराती काकूंनी बांधून दिलेले ठेपले यावर आम्ही निभावलं. पाणी रस्त्यातल्या कारंज्यांवर भरायचं.

दुसऱ्या दिवशी गॉर्नरग्राट, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं शेवटचं स्टेशन. उजवीकडची जागा मिळाली. आईने मला खिडकीत ढकललं. "तू बस, तुला फोटो काढायचे असतात." दातेरी रुळांवरून गाडी चढत गेली आणि झाडं संपल्यावर उजव्या खिडकीत मॅटरहॉर्नचा सुळका समोर आला. माझ्या डोक्यावरून मान उंचावून आईने विचारलं, "हाच ना तो?" मी मान डोलावली. आईने चष्मा मांडीवर घेतला.

वर कडाक्याची थंडी होती. कठड्याशी उभं राहून ठेपले उघडले तर पिवळ्या चोचीचे काळे पक्षी जवळ येऊन बसले. आईने एक तुकडा कठड्यावर ठेवला. तिने हात मागे घ्यायच्या आत एकाने तो उचलला.

"बोलवावं पण लागलं नाही," ती म्हणाली.

मला राहवेना. "आई, दहाव्याला मला माहीत होतं गं. मी बोलले नाही."

"मला पण ठाऊक होतं."

"मग तू का नाही बोललीस?"

तिने दुसरा तुकडा मोडला. "सगळ्यांसमोर तुझ्यावर आलं असतं. पोरीने नेलं नाही, म्हणाले असते. ह्यांना मनात म्हटलं, थांबा जरा."

चाळिशीला आलेली मी त्या कठड्याला धरून लहान पोरीसारखी रडले. मला बोल लागू नये म्हणून आईने बाबांना ताटकळत ठेवलं होतं. ते दुःख बर्फ बघून कमी झालं, असं लिहिणं खोटं ठरेल.

गेल्या आठवड्यात वर्षश्राद्ध झालं. गच्चीत पान ठेवलं आणि सगळ्यांसमोर मी मोठ्याने म्हटलं, "बाबा, उशीर माझ्यामुळे झाला. आईला नेऊन आणलं. उजवीकडेच बसलो." थोड्या वेळाने कावळा आला, त्याने वडा उचलला. आत्याने डोळे पुसले. आई खाली जाऊन पानं वाढायला लागली.

संध्याकाळी वही कपाटात ठेवताना तिचं पानन् पान पहिल्यांदाच वाचलं. लाल ओळीच्या पानाच्या मागच्या बाजूचा फोटो मी काढलाच नव्हता. तिथे पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: "खिडकी हिला. ती पोरीला देऊ करेल. पोरीने घेऊ नये."

मी खिडकीत बसले होते.