बाजरीच्या कोठीतली पुस्तकं

जेल रोडला केरूशेठची चाळ होती. शहाऐंशी साली ती पाडली आणि तिथं तीन मजली बिल्डिंग उभी राहिली. त्या बिल्डिंगमध्ये सात दारांवर बायकांची नावं आहेत. नवऱ्याचं नाव कुठं खाली बारीक अक्षरात, कुठं तेही नाही. बाहेरून राहायला आलेले लोक सुरुवातीला टिंगल करायचे, बायकांची बिल्डिंग म्हणायचे. करा म्हणावं टिंगल! त्या पाट्या कोणाच्या पायपिटीवर लागल्या ते त्यांना काय ठाऊक.

त्या पायांचं नाव चंद्रभागा जयराम पगारे. शिक्षण सातवी. नवरा जयराम नाशिक रोड स्टेशनात पॉइंट्समन, पदरी एक मुलगी, आणि राहायला चाळीतली सात नंबरची खोली. चौऱ्याहत्तर साली नाक्यावर एका गाळ्यात पतसंस्था निघाली आणि तिथं पिग्मीसाठी एजंट हवे होते. पिग्मी म्हणजे रोजच्या रोज रुपया-दोन रुपये गोळा करून खात्यावर भरायचे. पुरुष एजंट दुकानं फिरायचे. पण चाळीत दुपारी सगळ्या बायकाच, तिथं परक्या पुरुषाला कोण उभं करणार? म्हणून चंद्रभागेला घेतलं. शंभराला तीन रुपये कमिशन ठरलं.

जयरामच्या रेल्वेच्या जुन्या निळ्या शर्टाची तिने पिशवी शिवली. तीत पावतीपुस्तक, एक पेन आणि चिल्लरीची पुरचुंडी. दोन वाजता नळाला पाणी यायचं आणि त्याच वेळी चंद्रभागा यायची. आठ आणे दिले तरी घ्यायची आणि पाच रुपये दिले तरी तेवढ्याच थंडपणे घ्यायची. पावती फाडायची, बाईच्या खातेपुस्तकात आकडा लिहायचा आणि ज्या बाईला वाचता येत नाही तिला तो कानाशी वाचून दाखवायचा, शेजारणीला ऐकू जाणार नाही असा. काल का दिले नाहीत, असं तिने कधी कोणाला विचारलं नाही. एखादी तीन दिवस चुकली, तर चौथ्या दिवशी तिच्या उंबऱ्यावर बसायची, तांब्याभर पाणी मागायची, इकडचं तिकडचं बोलायची आणि उठायची. पाचव्या दिवशी ती बाई आपणहून रुपया आणून द्यायची. एवढी अक्कल मोठमोठ्या बँकवाल्यांना नसते.

भिमाबाई तिची पहिल्या दिवसापासूनची गिऱ्हाईक. चेहेडीच्या मळ्यांतून मेथी-पालक आणून डोक्यावर टोपली घेऊन विकायची. शहात्तर साली तिच्या पुस्तकात दोनशे बारा रुपये साठले होते. ते पुस्तक तिच्या नवऱ्याच्या, झुंबरच्या, हाती लागलं. झुंबरला मटक्याचा नाद. त्याने बायकोला हाताला धरून पतसंस्थेत नेलं, अंगठा उठवायला लावला आणि दोनशे बारा रुपये एका संध्याकाळी आकड्यावर घालवले.

दुसऱ्या दिवशी भिमाबाई नळावर आली. डोळे सुजलेले. दोन रुपये पुढं केले आणि म्हणाली, "आता पुस्तक तुज्याकडंच राहू दे बाई. घरात ठिवलं का त्याला वास लागतोय."

नियम होता, ग्राहकाचं पुस्तक ग्राहकाच्याच हाती. चंद्रभागेला तो तोंडपाठ होता. पण त्या डोळ्यांपुढं नियम सांगायला तिची जीभ रेटेना. तिने पुस्तक नेलं आणि आपल्या घरच्या बाजरीच्या पत्र्याच्या कोठीत, तळाशी, फडक्यात बांधून ठेवलं. एकीचं बघून दुसरी आली. कोणाचा दीर हात मारायचा, कोणाची सासू, कोणाचा नवरा दारू प्यायचा, तर कोणाचा अगदीच सज्जन, पण पैसा दिसला की मोजून आपल्या कपाटात ठेवणारा. त्र्याऐंशी सालापर्यंत त्या फडक्यात अकरा पुस्तकं झाली. चंद्रभागेने ताकास तूर लागू दिली नाही, कोणालाही.

आणि बारावं पुस्तक? ते होतं तिचं स्वतःचं.

जयराम वाईट नव्हता हो. दारू नाही, पत्ते नाहीत, बायकोवर कधी हात उगारला नाही. पण हात म्हणजे चाळणी! निफाडचा चुलतभाऊ पुंजा घर बांधतोय म्हणून आला, की हा पगारातले दीडशे काढून द्यायचा. स्टेशनातल्या कोणाच्या मुलीचं लग्न निघालं, की ह्याने चंद्रभागेची कानातली फुलं गहाण टाकलीच. परत मागायचं म्हटलं की ह्यालाच लाज. "देतील गं, माणसं आहेत," एवढंच ठरलेलं उत्तर. चंद्रभागेने भांडून पाहिलं, रुसून पाहिलं, शेवटी कानाला खडा लावला आणि सत्त्याहत्तर सालापासून कमिशनातला रोजचा रुपया, पुढं दोन रुपये, गुपचूप आपल्या नावावर टाकायला लागली. नवऱ्यापासून चोरून. ह्याचं तिला वाईट वाटायचं. रोज वाटायचं, पण तरी ती टाकायचीच.

मध्ये नाशिक रोड बदलत चाललं. चाळीमागं उसाचं रान होतं तिथं फक्कीच्या रेघा पडल्या, प्लॉट झाले. केरूशेठच्या मुलाने चाळ बिल्डरला दिली आणि भाडेकरूंना सांगितलं, एप्रिलअखेर चार हजार भरा, खोली तुमच्या नावावर. नाही भरले तर दुसरीकडं बघा. ओनरशिप हा शब्द चाळीने पहिल्यांदा ऐकला तो तेव्हा. चंद्रभागेने बाजरीत हात घालून फडकं काढलं, बाराही पुस्तकं पाहिली आणि मनाशी म्हणाली, जमतंय. सगळ्यांचं जमत नव्हतं, पण सात जणींचं जमत होतं.

आणि नेमकं तेव्हाच घोडं अडलं. चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये पतसंस्थेच्या दुसऱ्या शाखेतला एक एजंट लोकांची पुस्तकं आपल्या घरी ठेवून, पैसे परस्पर खाऊन पसार झाला. लगेच तपासणी लागली. प्रत्येक ग्राहकाने आठवड्यात स्वतः पुस्तक घेऊन यायचं आणि शिक्का मारून घ्यायचा. लोक आले, शिक्के बसले. मंगळवारी शेवटचा दिवस, आणि चंद्रभागेच्या खात्यांतली बारा राहिली. पुस्तकं आणा म्हणालेत, म्हणून ह्या बाईने सरळ फडकं उचललं आणि नेऊन टेबलावर ठेवलं! पुस्तकांना बाजरीचं पीठ लागलेलं. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

तपासनीस बोराडे साहेबांनी फडकं सोडलं आणि चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. ग्राहकांची पुस्तकं तुमच्या घरी कशी, म्हणून विचारलं. त्यांनीच ठेवायला दिली, ती म्हणाली. का दिली? ह्यावर चंद्रभागा गप्प. बोलणार कशी? साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर संचालक बसले होते, वाल्मीकराव. नोटांच्या प्रेसमध्ये नोकरी, माणूस शिस्तीचा, गल्लीत मान. आणि त्या बारा पुस्तकांतलं एक त्यांच्याच बायकोचं होतं, शकुबाईचं. कव्हरवर नुसते नंबर, नावं आतल्या पानावर, म्हणून त्यांना पत्ता नव्हता. एक वाक्य बोलली असती तर चंद्रभागा सुटली असती आणि अकरा घरांत आग लागली असती.

मग बोराडे साहेबांनी सांगितलं ते असं. शनिवारी दुपारी एकपर्यंत बाराही खातेदारांनी स्वतः इथं येऊन पुस्तक आपलं म्हणून सांगायचं. जी येणार नाही तिच्या घरी रजिस्टर नोटीस जाईल, खातं चौकशी होईपर्यंत बंद. आणि एजन्सी आजपासून स्थगित. पावतीपुस्तक त्यांनी काढून घेतलं. दहा वर्षांत पहिल्यांदा ती निळी पिशवी रिकामी घरी गेली.

रजिस्टर नोटीस म्हणजे पोस्टमन दारात, सही करायला घरातला पुरुष पुढं. आणि चौकशी किती महिने चालेल काय सांगावं. एप्रिलअखेर तर महिन्यावर आलेली. चंद्रभागा दोन दिवस नळावर गेली, एकेकीला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. 'शनिवारी या' असं एकीलाही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, की मी कारण सांगितलेलं नाही, सांगणार नाही, पुढं तुमचं तुम्ही बघा. बायका घागरी उचलून निघून गेल्या. खरं सांगायचं तर चंद्रभागेला तेव्हा राग आला, त्यांचाही आणि स्वतःचाही.

जयरामला तिने फक्त अर्धं सांगितलं: हिशेबात काही अडलंय, शनिवारी बोलावलंय. त्याने शुक्रवारी रजा टाकली आणि सकाळीच कुठं बाहेर गेला तो रात्री परतला. बायको इथं फासावर चाललीय आणि हा निघाला गावोगाव, असं तिच्या मनात आलंच.

शनिवारी ती दहापासून पतसंस्थेच्या बाकावर बसली. अकरा वाजले. कोणी नाही. साडेअकरा झाले. वाल्मीकराव घड्याळ बघत होते. बोराडे साहेबांनी नोटिशीचे कोरे कागद पुढं ओढले.

तेवढ्यात दारात टोपली टेकल्याचा आवाज झाला. भिमाबाई आत आली, पदराला हात पुसले, टेबलापाशी गेली आणि रस्त्यावर ओरडून भाजी विकणाऱ्या आवाजात म्हणाली, "त्यातलं एक पुस्तक माजं हाय. मीच ठिवाय दिलं. नवरा मटका खेळतो, म्हनून दिलं. काय लिवायचं ते लिवा."

तिने अंगठा उठवला. तिच्या मागून दोघी, मग तिघी. बारा-साडेबारापर्यंत नऊ जणी झाल्या. कोणी कारण सांगितलं, कोणी नुसता अंगठा दिला. कुसाबाई लेकीच्या बाळंतपणाला मनमाडला गेली होती; तिच्यासाठी साहेबांनी सोमवारपर्यंत थांबायचं कबूल केलं. आणि पावणेएकला शकुबाई आली, इस्त्रीचं पातळ नेसून, चालत, नवऱ्यासमोर.

वाल्मीकराव खुर्चीतून अर्धे उठले. त्यांनी पुस्तक उघडलं, आकडा पाहिला आणि अगदी हळू विचारलं, घरात काय कमी होतं?

शकुबाई म्हणाली, "कमी काही नव्हतं. माझं म्हणून काही नव्हतं."

ते पुन्हा खाली बसले. शकुबाईने सही केली, सुंदर अक्षरात, आणि बाकावर चंद्रभागेला लागून बसली. चंद्रभागेने तिचा हात घट्ट धरला.

आता एकच पुस्तक उरलं. बोराडे साहेबांनी त्याचं पहिलं पान काढलं आणि नाव वाचायला तोंड उघडलं, तोच जयराम धापा टाकत आत आला. ड्यूटीवरून थेट, अंगावर निळा शर्ट. त्याने खिशातून रुमालात बांधलेलं पुडकं काढून टेबलावर ठेवलं. तेराशे पन्नास रुपये. काल तो निफाडला गेला होता, पुंजाकडं; तिथून माघारी स्टेशनात, यार्डात, ज्याला ज्याला दिले त्याच्याकडं. ज्या माणसाला दिलेलं परत मागायची जन्मभर लाज वाटली, तो एका दिवसात आठ उंबरे झिजवून आला होता. म्हणाला, साहेब, तूट असेल तेवढी ह्यातून घ्या, उरलेली पगारातून कापा, पण बाईने पैसा खाल्ला असं लिहू नका.

तूट काहीच नाही, बोराडे साहेब म्हणाले. बाराही खाती पैशापैशाला जुळली होती. मग त्यांनी हातातलं नाव वाचलं, चंद्रभागा जयराम पगारे, आणि शिल्लक वाचली. चार हजार एकशे साठ.

चंद्रभागेला वाटलं, जमीन फाटावी. अकरा बायकांची गुपितं पोटात ठेवली आणि स्वतःचं भर कचेरीत नवऱ्यापुढं उघडं पडलं. तेही तो असा रुमाल घेऊन उभा असताना. ती उठली. पेन घेतलं आणि सही केली. जयरामकडं बघायचा धीर तिला झाला नाही. तरी म्हणाली, मी लपवले. तुमच्यापासूनच लपवले.

जयरामने ते पुस्तक हातात घेतलं. कव्हरला चिकटलेलं पीठ त्याने बोटाने पुसलं.

"कोठीत बाजरी कोण ओततं, चंद्रे?" तो म्हणाला. "सात-आठ वर्षं बघतोय ते फडकं. बायकांचं असेल म्हणून कधी सोडलं नाही."

मग रुमालातले पैसे त्याने तिच्याकडं सरकवले. माझा हात कसा आहे ते तुला माहीत आहे आणि मलाही, म्हणाला. हे तेराशे पन्नास माझ्या नावाने टाक.

बोराडे साहेबांनी ड्रॉवर उघडला आणि मंगळवारी घेतलेलं पावतीपुस्तक तिच्यापुढं ठेवलं. चंद्रभागेने नोटा मोजल्या. तेराशे पन्नास. पावती फाडली, नवं पुस्तक घेतलं, त्यावर जयरामचं नाव घातलं आणि आकडा लिहिला. सवयीने त्याच्या कानाशी वाचूनही दाखवला. मग, नियम तो नियम म्हणून, पुस्तक त्याच्या हातात द्यायला पुढं केलं.

त्याने हात मागं घेतला.

"तुझ्याकडंच राहू दे," तो म्हणाला.