दार लावून घातलेली मुरड

वरठी गावात गोदावरीबाईची करंजी ओळखायला चाखावी लागत नसे. कडेची मुरड पाहिली की पुरे. बारीक, एकसारखी, दोरीला पीळ घालावा तशी! लग्नघरचं बोलावणं आलं की ती हसून म्हणायची, "घरूनच करून आणते बाई, दुसऱ्याच्या घरी माझा हात चालत नाही."

आणि घरी दार लावून ती मुरड घालायचा तिचा नवरा, घनश्याम. तिची बोटं वातानं आखडलेली. हा स्टील प्लांटातला वेल्डर, बोटं राकट, पण पारीच्या कडेवर फुलपाखरासारखी फिरायची. हे बाहेर कळलं असतं तर सोबतच्या कामगारांनी त्याला जगू दिलं नसतं. पुढं थट्टेची भीती सरली, तरी तो गप्पच राहिला. तोवर ते नाव तिचं झालं होतं.

गोदावरीला जाऊन आता दुसरं वर्ष. सकाळी दूधवाल्याला "अर्धा लिटर" म्हटलं की घनश्यामचं दिवसाचं बोलणं आटोपतं.

त्या रविवारी नागपूरहून मुलगा अमर आणि सून रिता आले. रितानं मैदा भिजवला, पाऱ्या लाटल्या. "बाबा, आज घरीच मोमो. बसा माझ्यासोबत."

किती दिवसांनी कोणी 'बसा' म्हटलं होतं! पारी तळहातावर आली, कोबीचं सारण पडलं, आणि बोटं आपोआप कडेकडे धावली. पहिलीच चुणी अशी देखणी पडली की तो स्वतःच दचकला.

"आईची मुरड काय होती ना, बाबा!" रिता लाटता लाटता म्हणाली. "माझ्या माहेरी अजून नाव काढतात. मी एवढी मागं लागली, पण शिकवलंच नाही त्यांनी. तुम्हाले येते का थोडी?"

हो म्हटलं असतं, तर ही पोर शिकायला दर रविवारी आली असती. घर बोलतं झालं असतं. पण मग गोदावरीचं काय उरलं असतं?

त्यानं पारी मुठीत दाबली. सारण बोटांतून बाहेर आलं.

"मले कुठचं येते, पोरी! मी लोखंड जोडणारा मानूस."

अमर खदखदून हसला. "बाबा, मोमो करून राहिले का भजे?"

"राहू द्या, तुम्ही चटणी वाटा," रिता म्हणाली.

भगोन्यात रिताचे मोमो वाफेवर एकेक उकलत गेले. घनश्याम हात मागं बांधून पाहत राहिला.

संध्याकाळी अमरनं मोटरसायकल काढली. "पुढच्या रविवारी येता का?" घनश्यामनं विचारलं.

"पाहू ना बाबा. मोमो तर आता आम्ही तिकडेच करू."

गाडी वळणाआड गेली. शेजारच्या केशरबाईंनी त्यांच्या ओट्यावरून हाक दिली, "काय भाऊजी, सुनेनं काय खाऊ घातलं?"

"मोमो. पन गोदावरीच्या हाताची सर नाही."

"तिची सर कोनाले येते!" म्हणत केशरबाई आत गेल्या.

घनश्याम आपल्या ओट्यावर बसून राहिला.