जळलेल्या फोनचं होय

"ए बाबा, फोन चितेत टाकलास? मग आता बायको वरून फोन करेल ना तुला!"

डहाणू रोडच्या मोबाईलच्या दुकानात शेठ मला असं म्हणाला. पाच-सहा गिऱ्हाईकं होती. सगळी हसली. एक बाई तोंडाला पदर लावून हसली. मीही हसलो. सांगायला लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं ठरवलंय. बायको जाऊन महिना झाला नव्हता आणि तिच्या मरणाच्या चेष्टेला मी हसलो. वर हात जोडले. म्हणालो, "चुकलं, शेठ."

काय चुकलं होतं माझं?

मी आशागडच्या बाजूच्या पाड्यातला. शाळा दुसरीपर्यंत. आकडे येतात. अक्षरं जुळवत जुळवत वाचतो. जन्म चिकूच्या वाड्यांमध्ये मजुरी करण्यात गेला. तिचाही. एकच मुलगी, सुमन. ती तिकडे तलासरीत, झरीला दिलेली. लेकीशी बोलता यावं म्हणून बायकोनं याच दुकानातून फोन घेतला. फोनसोबत वर्षाचा करार होता. पैसे दर महिन्याला आमच्या दोघांच्या खात्यातून आपोआप जायचे.

कागदावर तिनं सही केली. तिला सही यायची, प्रौढांच्या वर्गात शिकलेली. मला नाही. पेन खाली ठेवून म्हणाली, "शेठ, एकच वर्ष. पुढं नको."

शेठ म्हणाला, "तू नको म्हटलंस की बंद."

मी शेजारीच उभा होतो. या कानांनी ऐकलंय.

नको हा तिचा शब्द होता. कंपनीच्या कुणाचा फोन आला की ती सगळं ऐकून घ्यायची, मग मोठ्यानं "नको" म्हणून कापायची. मी म्हणायचो, जरा गोड बोलावं. ती म्हणायची, "गोड बोललं की ते लोक हो समजतात."

वर्ष संपायला आठ दिवस होते. तिला ताप आला. तिसऱ्या दिवशी सगळं संपलं.

आमच्या पाड्यात रीत आहे. गेलेल्या माणसाच्या रोजच्या हातातली वस्तू फोडायची आणि त्याच्यासोबत द्यायची. मागं ती कुणी वापरायची नाही. माझ्या सासूचा विळा असाच मोडून दिला होता. हिच्या हातात शेवटी फोन असायचा. संध्याकाळ झाली की सुमनचा आवाज यायचा त्यातून. मी ओहळाच्या कडेला बसून तो दगडानं ठेचला. काच फुटली, पत्रा वाकला. तिच्या उजव्या हाताशी ठेवला. चिता पेटल्यावर फटकन आवाज झाला. सगळे मागं सरले. मी सरलो नाही.

पंधरा दिवसांनी पोस्टमन पत्र घेऊन आला. तिच्या नावाचं. सुमन अजून माझ्याकडेच राहिलेली. तिनं वाचलं.

"अभिनंदन. आपल्या संमतीने आपला करार एक वर्षासाठी वाढवण्यात आला आहे."

मी म्हणालो, "परत वाच."

परत तेच निघालं.

तेच पत्र घेऊन मी एकटा दुकानात गेलो. सांगितलं, ती वारली, करार बंद करा. शेठ म्हणाला, बंद करायचा तर तिच्या फोनवर चार आकडे येतील, ते सांग. म्हणून मला फोनचं सांगावं लागलं. म्हणून ते हसले.

हात जोडून मी बाहेर पडलो. पायरीवर चपला घालत होतो. आत शेठ कुणाशी तरी गुजरातीत फोनवर बोलत होता. "छेल्ली तारीखे दस-बार आवां करवां ज पडे. डोसा-डोसी क्यां पूछवा आवे छे?" म्हणजे, शेवटच्या तारखेला असे दहा-बारा करार वाढवावेच लागतात, म्हातारे-म्हाताऱ्या कुठं विचारायला येतात.

चाळीस वर्षं वाडीत राबलोय. गुजराती मला कळते. त्याला वाटलं, फोन जाळणाऱ्याला काय कळणार.

घरी आलो. जेवलो नाही. सुमनला म्हणालो, "पत्रात बारीक अक्षरात काय आहे, ते वाच." ती वाचत गेली. खाली एक ओळ होती: संमती, ग्राहकाच्या मोबाईलवरून 'होय' दाबून. पुढं तारीख. तारीख मी स्वतः वाचली. बोटांवर मोजली. परत मोजली. ती गेली त्याच्या पाचव्या दिवसाची तारीख.

सुमन म्हणाली, "बाबा, फोन तर तेव्हा..."

"हो."

दुकानात ज्याची मी माफी मागून आलो, तीच माझी साक्ष होती. सगळ्या पाड्यानं पाहिलेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. मृत्यूचा दाखला घेतला, पत्र घेतलं. दुकानात गिऱ्हाईकं होती. बरंच झालं.

मी विचारलं, "हे होय कुणी दाबलं?"

"सिस्टीममध्ये आलंय."

"कुठून आलं?"

"तुझ्या बायकोच्या फोनवरून. अजून कुठून येणार?"

"तो फोन जळला होता. कालच हसलास ना तू, सगळ्यांसमोर?"

शेठला तू म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा.

त्यानं दाखला बघितला. तारीख बघितली. मग मी एकदम काका झालो. "बसा ना काका. पाणी घ्या." मी बसलो नाही. पाणी घेतलं नाही. आजवर ज्यानं स्टूल दिलं नाही, तो आज का देतो?

"आत्ता बंद करतो, काका. गेलेले पैसेपण परत. फक्त इथं अंगठा ठेवा." एक कागद पुढं सरकवला. शाईचा डबा उघडला. माझं मनगट धरून अंगठा स्वतःच शाईत टेकवायला निघाला, जनावराला डाग द्यावा तसा.

मी हात ओढून घेतला. "सुमन, वाच."

सुमननं मोठ्यानं वाचलं. "ग्राहकाच्या संमतीने वाढवलेला करार वारसाच्या विनंतीवरून बंद करण्यात येत आहे."

म्हणजे तिनं होय म्हटलं होतं आणि त्याला साक्षीदार मी. तिचा नवरा.

अंगठा मुठीत दाबला. म्हणालो, "नको."

तिच्यासारखंच मोठ्यानं. रस्त्यावरचं माणूस वळून बघेल असं.

कुणी हसलं नाही.

सुमननं तक्रार लिहिली. ग्राहकांच्या तक्रारी घेतात तिथं, पालघरला, जाऊन दिली. खाली माझा अंगठा नाही. त्याआधी तीन दिवस तिनं माझ्याकडून माझं नाव गिरवून घेतलं. वाकडं आलंय, पण वाचता येतं.

आता शेठ निरोप पाठवतो, करार बंद केलाय, विषय संपवा. मला नुसतं बंद नकोय. माझ्या बायकोनं होय म्हटलं नव्हतं, एवढं मला त्यांच्या कागदावर, त्यांच्या सहीनं हवंय. मेलेल्या बाईच्या तोंडी त्यांनी शब्द घातला. तो त्यांनीच काढायचा. तोवर पालघरची एकही तारीख मी चुकवणार नाही.

आणि ते दहा-बारा जण शोधतोय. सरावलीत एक म्हातारी सापडली. तसलंच पत्र तिनं पत्र्याच्या फटीत खोचून ठेवलेलं. तिला वाटलं होतं, सरकारी असेल.

उद्या तिला घेऊन शेठच्या दुकानात जाणार आहे. शाईच्या डब्याकडे हात न्यायचा नाही, हे सांगून ठेवलंय.