निंबाची अखंड फळी

माहूरगडनिवासिनी आई रेणुका आणि सर्व विद्यांचा आरंभ असलेले श्रीगजानन, या उभयतांच्या चरणी मस्तक ठेवून हे लिहावयास बसलो आहे. आज खंडेनवमी. आपापल्या कामाची साधने धुऊनपुसून त्यांना गंधाक्षता वाहण्याचा हा दिवस. मी संस्कृतचा अध्यापक. आयुष्यभर या दिवशी पाटावर पोथ्या आणि लेखणी मांडीत आलो. यंदा त्यांच्या शेजारी एक रंधा, दोन पटाश्या, काटकोन तपासायचा एक गुण्या आणि पुरुषभर लांबीचा एक आरा मांडला आहे. ही मंडळी आपल्या घरी कशी आली, असे काल ती पुसत असताना एका जुन्या विद्यार्थ्याने विचारले. त्याला तोंडी नीट सांगता आले नाही.

नांदेडची नोकरी संपवून आम्ही उभयता माझ्या मूळ गावी, लातूरजवळच्या मुरुडला, परतलो, तेव्हा पत्नीचे गुडघे थकले होते. लातूरला शस्त्रक्रिया झाली. चालणे सुधारले, परंतु जमिनीवर बसण्यास डॉक्टरांनी कायमची मनाई केली. ऐकणाऱ्याला ही गोष्ट लहान वाटेल. आमच्या घरी ती लहान नव्हती. माझी शाळा सकाळची असे, त्यामुळे लग्नानंतर लवकरच देवपूजा तिच्याकडे गेली आणि पुढे ती तिचीच झाली. देव्हारा जमिनीलगत, आणि ती समोर पाटावर. बाळकृष्णाला न्हाऊ घालताना ती त्याच्याशी घरातल्या लेकराशी बोलावे तसे बोले. ते बोलणे पलीकडच्या खोलीतून ऐकत माझा चहा होई.

सुनेने एकदा देवासमोर प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. पत्नी बसली, क्षणभर खाली पाहिले आणि उठली.

"देव माझ्या पायांशी, अन् मी वर सिंहासनावर. हे मला जमायचं नाही."

त्या दिवसापासून पूजा सून करू लागली आणि ही चौकट धरून उभी राहू लागली. ओठ हलत, हात मात्र पदराशी चाळा करीत राहत. महिन्याभरात तिचे उभे राहणेही थांबले. पूजेच्या वेळी ती स्वयंपाकघरात काहीतरी काम काढून बसे. घरातील एक मोठा आवाज बंद झाल्यासारखे मला होई, जरी ती कधीच मोठ्याने बोलत नसे.

मी तिला विचारले, "उंच देव्हारा आणू या का?"

ती म्हणाली, "देव्हारा सासूबाईंचा आहे, तो बदलायचा नाही. त्याच्याखाली उंच चौरंग करता आला तर बघा. पण वरची फळी एकसंध हवी. जोड असला की अभिषेकाचं पाणी झिरपतं, अन् तीर्थ पायदळी येतं."

एवढी रुंद फळी बाजारात मिळेना. जिथे विचारावे तिथे प्लायवूड दाखवीत. त्याच उन्हाळ्यात अवकाळी वादळात आमच्या बांधावरचा कडुनिंब मुळासकट आडवा झाला. वडिलांनी तो कधी लावला की आधीपासूनच होता, हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही. दोन माणसांच्या कवेत कसेबसे मावेल असे त्याचे खोड होते. वाऱ्याने पाडलेले झाड मूर्तीसाठी घेऊ नये, असे शास्त्र सांगते. ती शंका मी पत्नीपुढे मांडली.

"मूर्ती कुठं करायचीये? देव्हाऱ्याखाली उभं राहायचंय त्याला," ती म्हणाली.

लातूरच्या आरा मशिनीवर चौकशी केली. मालकाने पहिलाच प्रश्न विचारला, "लाकूड वखारीचं की शेतातलं?" शेतातले म्हटल्यावर त्याने हात जोडले. शेतातल्या झाडांत खिळे निघतात आणि मशिनीचे पाते जाते. दुसऱ्या दोन ठिकाणीही हेच उत्तर मिळाले.

ही हकिगत मी आमच्या शेजाऱ्यांना सांगितली. ते निवृत्त तलाठी; सारे गाव त्यांना भाऊसाहेब म्हणते. गावातील बुद्धविहाराची व्यवस्था तेच पाहतात. त्यांचे वडील तरुणपणी माहूरकडच्या जंगलात मोठा आरा ओढण्याचे काम करीत. तो आरा भाऊसाहेबांच्या भिंतीवर टांगलेला होता.

"आरा हाय, गुरुजी. ओढायला दोघं लागतेत. एक मी, दुसरा कोण?"

"मी," असे मी म्हणालो आणि माझे मलाच नवल वाटले.

ओढ्याच्या उंच काठावर दोन ओंडके पात्राकडे पुढे काढून बसवले आणि ट्रॅक्टरने खोड त्यांवर चढवले. अशा चिरण्यात एकाने खोडावर उभे राहायचे, दुसऱ्याने खाली. वरच्याने रेषा सांभाळायची, खालच्याने जोर द्यायचा, आणि सगळा भुसा खालच्याच्या डोक्यावर. कावेत भिजवलेल्या दोरीने खोडावर लाल रेषा मारून झाली. मी वृक्षाला नमस्कार केला आणि त्याच्या आश्रयाने राहिलेल्या जीवांची क्षमा मागणारे चार शब्द म्हटले.

भाऊसाहेब कानशीने आऱ्याचे दात घासत होते. ते म्हणाले, "होऊ द्या निवांत. झाड कुठं चाललंय?" मग आरा उचलून मिशीत हसले. "आमच्या बापजाद्यांनी खाली राहून लई भुसा खाल्ला, गुरुजी. आता तुम्ही खाली."

"उतरतो," मी म्हणालो, आणि धोतर खोचून ओढ्यात उतरलो.

"रागावले तर न्हाईत?"

"तुम्ही रेषा सोडली तर रागावेन."

तिथे, त्या कोरड्या ओढ्यात, माझ्या आयुष्यातले एक अकल्पित सुरू झाले. ‘वृक्ष’ म्हणजे जो छेदला जातो तो, अशी व्युत्पत्ती मी वर्गामागून वर्गाला सांगितली होती. छेदाखाली उभा मात्र प्रथमच राहत होतो. पहिल्या दिवशी आमचे दोघांचे ओढणे जुळेना. ते वर खेचीत तेव्हा मी खाली लोंबकळे. दुसऱ्या दिवशी श्वास जुळला. मग आरा आपण होऊन चालल्यासारखा चालू लागला. ओल्या निंबाचा उग्र, कडवट वास, केसांवर आणि खांद्यांवर संथ पडणारा पिवळसर भुसा, आणि वर पाहिले की खोडाच्या पोटात उतरलेली प्रकाशाची एक बारीक रेघ. इतकी वर्षे जिथे उजेडाचा कण पोहोचला नव्हता, तिथे आकाश येत होते. मी ओढणे विसरून पाहत राहिलो.

"गुरुजी, झोपले का?" वरून विचारणा झाली.

कडेची पहिली फळी सुटली, तेव्हा आम्ही दोघांनी ती अलगद आडवी केली. पोथीची दोन पाने उघडावीत तशी दोन अंगे समोर आली. कडेला फिकट लाकूड, आत ओल्या कुंकवासारखा तांबडा गाभा, आणि त्यातून वाहत गेलेल्या रेषा. कुठे फांदी फुटली तिथे रेषांनी वळसा घेतलेला, कुठे दुष्काळाची वर्षे दाटीवाटीने उभी. हे रूप आजवर कोणीही पाहिलेले नव्हते. झाडाने स्वतःसुद्धा नाही. गाभाऱ्याचा पडदा सरकल्यावर क्षणभर काही मागायचे सुचत नाही, तसे मला झाले. साठी उलटल्यावर मनुष्याला नवे काम सापडत नसते, असे मी मानीत होतो. त्या क्षणी कळले की हे काम मला सापडले आहे आणि हात चालतील तोवर मी ते सोडणार नाही.

परंतु ज्या फळीसाठी हा खटाटोप होता, ती खोडाच्या मधोमध होती. तेवढी रुंदी इतरत्र नव्हती. तिची एक बाजू चिरून झाली. दुसरी चिरताना अर्ध्यावर आरा किंचाळला.

"थांबा. लोखंड हाय," भाऊसाहेब म्हणाले.

रेषा सरकवावी तर फळी पातळ होऊन निकामी झाली असती. आम्ही आरा काढला आणि खोडाच्या दुसऱ्या टोकाकडून चिरत पुन्हा त्या जागेपर्यंत आलो. आता मध्ये वीतभर लाकूड न चिरलेले उरले, आणि त्यात ते लोखंड. तेवढे पाचर ठोकून फाडणे एवढाच मार्ग होता. निंबाचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. फाट सरळ जाईल की फळीत शिरून तिचे दोन तुकडे करील, हे सांगता येत नव्हते. वीतभर लाकूड, आणि त्यावर माझ्या पत्नीची सकाळ अवलंबून होती.

"तुम्ही ठोका," मी म्हणालो.

"मी कशाला? देव तुमचे. तुम्ही ठोका, मी धरतो."

आई रेणुकेचे स्मरण करून मी घाव घातला. तिसऱ्या घावाला आतून मोठा आवाज झाला आणि लाकूड उघडले. काही वेळ दोघांपैकी कोणी खाली पाहिले नाही. मग पाहिले. फाट उलट बाजूला, टाकाऊ लाकडात शिरली होती. आमच्या फळीवर अंगठ्याएवढा खळगा पडला होता. फळी अखंड होती.

आत गुरे बांधायच्या कडीचा जाड खिळा होता. कोणी ठोकला, त्या कडीला बांधलेले जनावर कोणते, काही कळण्याचा मार्ग नाही. झाडाने तो खिळा बाहेर टाकला नव्हता. त्याच्याभोवती वर्षामागून वर्षे लाकूड गुंडाळून त्याला पोटात घेतले होते, आणि त्या लोखंडापासून निघालेला निळा-काळा रंग तंतूंच्या वाटेने हातभर वर चढला होता. एखाद्या समईची ज्योत वाऱ्याविना उभी राहावी तसा.

भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

"मी देव मानत न्हाई, तुम्हाला ठावं हाय," ते म्हणाले. "पण हे बघून काय म्हणावं, ते सुचून न्हाई राहिलं."

"मलाही नाही," मी म्हणालो. सांगण्यासारखा एकही श्लोक मला त्या वेळी आठवला नाही, आणि आठवला नाही तेच बरे वाटले.

फळ्यांच्या टोकांना शेण लिंपून, मध्ये पट्ट्या घालून त्या मळ्यातच सावलीत वाळत ठेवल्या. दुसरा पावसाळा जाईपर्यंत हात लावायचा नव्हता. आरा भाऊसाहेबांनी माझ्याच घरी ठेवायला दिला. दरम्यान मी गल्लीतल्या सुतारांकडे जाऊन बसू लागलो. रंधा धरणे, खाच पाडणे, पायाच्या टोकाला काढलेली जीभ, म्हणजे कुसू, खाचेत बसवणे शिकलो. पहिली कित्येक कुसवे चुलीत गेली. घरात भुसा येतो म्हणून सून कुरकुरे. पत्नी काही बोलत नसे, पण रोज संध्याकाळी मळ्यात जाऊन त्या फळीवर हात ठेवून येई.

लाकूड वाळले. खळग्यात त्याच झाडाचा तुकडा बसवला. पायांची उंची ठरवायची वेळ आली तेव्हा मी शास्त्राचा आधार घेतला: माप यजमानाच्या बोटांनी घ्यावे. मी माझी बोटे लावून मोजले, पाय बसवले, आणि या श्रावणात भाऊसाहेब व मी चौरंग उचलून घरात आणला. देव्हारा वर ठेवला. पत्नी खुर्चीवर बसली, तिने बाळकृष्णाकडे हात नेला, आणि तो हात खांद्याइतका उंच गेला. ताम्हनात काय आहे, ते तिला दिसेना. तिने हात खाली घेतला.

मी सांगू लागलो की माप चुकलेले नाही, यजमानाच्या अंगुलाने बरोबर घेतले आहे.

"पूजा कोण करणार?" तिने विचारले.

"तू."

"मग बोटं कोणाची मोजायची?"

भाऊसाहेब दाराशी उभे होते. ते म्हणाले, "सातबारा वहिनींच्या नावावर अन् मोजणी तुमच्या हातानं. असं चालत न्हाई, गुरुजी. फेर मोजणी करावी लागंल."

ती हसली. गुडघ्यांच्या दुखण्यापासून तिला असे हसताना मी पाहिले नव्हते.

चौरंग आडवा केला. तिने खुर्चीवरून वाकून आपला हात पायाच्या लाकडावर टेकवला. चार बोटे, त्यावर पुन्हा चार बोटे, अशी वर सरकत गेली आणि मी पेन्सिलीने खूण करीत गेलो. इतकी वर्षे त्या हाताने वाढलेले जेवलो. त्याच्या बोटांची रुंदी मला ठाऊक नव्हती. माझ्या बोटांपेक्षा ती कितीतरी लहान. पेरांवर गंध उगाळल्याचे घट्टे होते. निंबाच्या रेषांसमोर मी जसा थांबलो होतो, तसाच त्या हातासमोर थांबलो, आणि तिला वाटले माझी खूण चुकली.

चारही पाय त्या खुणांवर कापले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्नान करून आली, खुर्चीवर बसली. देव तिच्या हृदयाच्या समोर आले, किंचित वर. तिने कळशीतले पाणी घेतले आणि बाळकृष्णावर धार धरली. पाणी ताम्हनातून थोडे सांडले, फळीवर पसरले आणि तिथेच राहिले. खाली एक थेंब आला नाही.

"गार लागलं का रे?" ती त्याला म्हणाली. "थांब, पुसते."

मी पलीकडच्या खोलीत चहा घेऊन बसलो होतो.

हे वाचणाऱ्या सज्जना, तुझ्या घरातील थकलेल्या हातांना त्यांचे काम पुन्हा लाभो. तुझ्या बांधावरची झाडे उभी राहोत, आणि जे पडेल ते कोणाच्या तरी उपयोगी पडो. तुझ्या घरात पहाटे बोलणारा एक आवाज सदैव असो, आणि तो ऐकण्याइतकी शांतता आई रेणुका तुला व तुझ्या सर्व कुटुंबीयांना देवो.